सुभेदार माघारी का फिरले

माझ्या थोरल्या दिरांइतका चौकस माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा नसेल, आणि त्यांची चौकशी इतकी विचित्र असते की आपण नेमके काय आहोत हेच विचारलेला माणूस क्षणभर विसरतो. समोर कोणीही आलं की त्यांच्या भुवया वर जातात, मान डावीकडे कलते आणि हा माणूस असा का झाला असावा याचा तपास मनातल्या मनात सुरू होतो. मला पाहायला आले तेव्हा बाकीच्या मंडळींनी रीतीप्रमाणे शिक्षण, नोकरी, स्वयंपाक वगैरे विचारलं. भाऊजींची पाळी आली तेव्हा त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही लिहिता उजव्या हाताने, पण पदर डाव्या हाताने सावरता. का?" माझे वडील माझ्याकडे पाहू लागले, सासूबाई छताकडे पाहू लागल्या. लग्न मात्र जमलं, आणि पुढे कितीतरी महिने भाऊजी घरात असले की पदर सावरताना माझे दोन्ही हात एकदम पुढे यायचे.

हा स्वभाव त्यांना नोकरीने दिला की नोकरी त्यांना या स्वभावाने मिळाली, हे सांगणं कठीण आहे. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात ते होते. गिऱ्हाइकाच्या भिंतीवरचा रंग फुगला, उडाला, पिवळा पडला की तक्रार यायची आणि कारण शोधायला भाऊजींना पाठवायचे. भाऊजी जायचे, भिंतीला कान लावायचे, टिचकी मारून पाहायचे, पापुद्रा खरवडून कागदाच्या पुडीत घालायचे आणि दोन दिवसांनी सांगायचे की यांच्या वरच्या मजल्यावर न्हाणीघरात कोणीतरी फरशी बदलली आहे. ते बरोबर निघायचं. निवृत्त झाले तेव्हा भिंती संपल्या आणि माणसं हाती लागली. डोंबिवलीत ते एकटेच राहतात, लग्न केलं नाही, आणि दर रविवारी आमच्याकडे बाळकुमला जेवायला येतात. येताना सोसायटीच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत जी माणसं भेटतील त्यांच्याबद्दलचे त्यांचे निष्कर्ष आम्हाला जेवताना ऐकावे लागतात. वॉचमन बसताना एक पाय खुर्चीवर का घेतो, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये का पुटपुटतात, हे सगळं आम्हाला ठाऊक आहे.

जिवंत माणसांचा एक तोटा असतो, ती उलट बोलतात. म्हणून भाऊजींचा जीव खरा रमायचा तो इतिहासातल्या माणसांत, आणि त्यातही एका सुभेदारांत. त्यांचं नाव मी इथे सांगत नाही. त्यांच्या घरची मंडळी कल्याणात राहतात आणि त्यांना पुरेसा त्रास होऊन गेलेला आहे. शाळेच्या पुस्तकात हे सुभेदार सापडणार नाहीत. एका जुन्या कागदात त्यांच्या एका माघारीबद्दल दोन-चार ओळी आहेत, तेवढंच. खाडीकाठच्या एका लहानशा लष्करी ठाण्यात आपली माणसं अडकली होती. त्यांना सोडवायला सुभेदार स्वार घेऊन निघाले, रात्रभर दौड करून पहाटे ठाणं नजरेत येईल इतके जवळ पोहोचले आणि तिथून माघारी फिरले. ठाणं पडलं. समोर फार मोठी फौज नव्हती, वरून हुकूम आल्याचा उल्लेख नाही, आणि हे सुभेदार त्याआधी किंवा त्यानंतर कुठल्याही लढाईत मागे हटलेले नाहीत. भाऊजींनी हे तिशीत कधीतरी वाचलं आणि त्यांच्या डोक्यात एक पापुद्रा कायमचा सुटला. सुभेदारांचं चरित्र ते तेव्हापासून लिहीत आहेत. त्या पहाटेपर्यंत येतात आणि तिथे अडतात.

उत्तरं त्यांना पुष्कळ सापडली. प्रत्येक उत्तर दोन-तीन वर्षं टिकायचं. आधी पत्रिका झाली. सुभेदारांची जन्मवेळ कोणालाच माहीत नव्हती, तेव्हा भाऊजींनी माघारीच्या दिवसावरून उलटी पत्रिका मांडायला एका जोशीबुवांना बसवलं. बुवांनी शनीकडे बोट दाखवलं, भाऊजींनी शनी त्याच जागी इतर कोणाकोणाच्या पत्रिकेत आहे ते पाहिलं, तेव्हा तो माझ्या नवऱ्याच्या पत्रिकेत निघाला आणि तो विषय तिथेच बंद पडला. मग हस्ताक्षर झालं. सुभेदारांच्या एका पत्राची प्रत मिळवून भाऊजींनी त्यातल्या वेलांट्यांवरून त्यांचा स्वभाव काढला. मनाने हळवे, निर्णयाला कच्चे, पैशाच्या बाबतीत काटेकोर. वर्षभराने एका अभ्यासकाने त्यांना शांतपणे सांगितलं की सुभेदारांना लिहिता येत नव्हतं, हे अक्षर त्यांच्या कारकुनाचं आहे. भाऊजी म्हणाले, "तरीच म्हटलं पैशाच्या बाबतीत इतके काटेकोर कसे."

त्यानंतर आलं पित्त. इतिहासात जे जे अनाकलनीय घडलं ते पित्ताने घडलं, असं भाऊजींचं काही काळ ठाम मत होतं. बादशहा का चिडला, राणीने का माफ केलं, तह का मोडला, याच्या मुळाशी आदल्या रात्रीचं जेवण असतं असं ते सांगायचे. सुभेदारांनी दौडीत शिळी भाकरी, लसणाची चटणी आणि कच्चा कांदा खाल्ला असणार असं त्यांनी ठरवलं, तेवढंच स्वतः पहाटे उठून खाल्लं आणि माथेरानला जाऊन घोड्यावर बसले. बरोबर माझा नवरा होता म्हणून पुढची हकिकत आम्हाला कळली. भाऊजी घोड्यावर डोळे मिटून पोटात काय होतंय याकडे लक्ष देऊन बसले होते. काही वेळाने डोळे उघडले तर घोडा त्यांना जिथून निघाले तिथेच परत घेऊन आला होता. घोडेवाला म्हणाला, "याची जेवायची वेळ झालेली साहेब." त्यानंतर पंधरा दिवस भाऊजींचं म्हणणं होतं की सुभेदार फिरलेच नाहीत, घोडा फिरला.

आणि मग डीएनए आला. तो त्यांच्या फोनवर आला. परदेशात कुठे तरी शास्त्रज्ञांनी जुन्या काळच्या एका सत्ताधीशाचा डीएनए मिळवला आणि तो माणूस तसा का वागला हे आता उलगडणार, असा काहीतरी व्हिडिओ त्यांना कोणी पाठवला. त्या रविवारी भाऊजी जेवायला आले ते वेगळेच दिसत होते. भात कालवता कालवता म्हणाले, "तीस वर्षं मी भिंतीचा वरचा रंग खरवडत बसलो. कारण विटेत आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी काही स्वतःहून करेनासं झालं. माझा नवरा खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करतो, ते त्याचं नव्हे, आजोबांचं. मी चहा पातळ करते, ती माझ्या पणजीची करणी. माझी पणजी चहा पीत नव्हती असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तेच ते. चहाबद्दलची अनास्था." त्यांच्या खिशात औषधांच्या दुकानात मिळतात तशा बारक्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक चिमटा आला. एका लग्नात त्यांनी सगळ्या चुलत-मावस भावंडांचे केस कंगव्यांतून गोळा केले आणि त्यावर नावं लिहिली. त्यांचा न्हावी तर इतका तयार झाला होता की आमच्या नात्यातलं कोणी खुर्चीत बसलं की आपणहून विचारायचा, "काकांसाठी ठेवू का थोडे?"

माझी मुलगी ईशा ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. रुग्णांच्या रक्ताचे नमुने येतात, त्यातले जनुकीय दोष तपासायचं तिचं काम. साहजिकच भाऊजी एका रविवारी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. सुभेदारांची पगडी त्यांच्या वंशजांकडे कल्याणात जपून ठेवलेली आहे, तिच्या आतल्या घडीत दोन-चार केस चिकटलेले आहेत, आणि आता ते मिळणार आहेत, असं त्यांनी तिला सांगितलं.

"काका, तुम्हाला त्यातून नक्की काय काढायचंय?" ईशाने विचारलं.

"सुभेदार माघारी का फिरले."

"ते नाही कळणार."

"का?"

"एक तर ते केस कोणाचे हेच आधी बघावं लागेल. पगडी किती जणांनी घातली असेल, हातात घेतली असेल. त्यांचेच निघाले आणि चांगले राहिलेले असले तर थोडंफार कळेल. दूध पचायचं का, टक्कल पडणार होतं का, असलं. घाबरट होते का तेसुद्धा सांगता येत नाही. फार तर असं म्हणू शकतो की अशी ठेवण असलेले खूप लोक घेतले तर त्यातले काही जण जरा जास्त बिचकतात. पण हा एक माणूस, त्या एका पहाटे काय करेल, हे त्यात कुठेच नसतं."

"पण कल असतो."

"कल असतो ना. तुमचा आणि बाबांचा कल पण बराचसा सारखाच असणार, सख्खे भाऊ आहात. बाबा रस्ता चुकले तरी गाडी मागे घेत नाहीत. तुम्ही कुलूप नीट लागलं का बघायला दरवेळी जिन्यातून परत वर जाता."

पेपरच्या मागून माझा नवरा म्हणाला, "मी चुकत नाही. मी लांबून जातो."

या सगळ्यातून भाऊजींनी एवढंच घेतलं की कल असतो. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने त्यांना व्याख्यानासाठी बोलावलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी विषय कळवून टाकला, ‘सुभेदारांची माघार आणि डीएनए’. तो फळ्यावर लागलाही. आता फक्त केस आणायचे होते.

कल्याणला आम्ही तिघं गेलो. पगडी देवघरात असते, घरातल्या आजीबाईंनी ती आजवर कोणाच्या हाती दिलेली नव्हती, तेव्हा बरोबर एक बाईमाणूस असलेलं बरं म्हणून भाऊजींनी मला घेतलं. गाडी माझ्या नवऱ्याने चालवली, त्यामुळे आम्ही कल्याणला भिवंडीच्या बाजूने पोहोचलो. आजीबाई जुन्या कल्याणातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा आणि सून कामाला गेलेले होते. भाऊजींचा त्यांच्याकडे कितीतरी वर्षांचा राबता, आणि आजीबाईंना ते आवडायचे. कारण मला त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "गावाला जत्रेत गेलं की आमच्या माणसांना हमखास कोणीतरी म्हणतं, पालखी उचलताय खरी, पण अर्ध्यातून फिरू नका म्हणजे झालं. इतक्या पिढ्या झाल्या तरी म्हणतात. हे भाऊ एकटे असे आले की ज्यांनी हसून नाही विचारलं."

त्यांनी हात धुऊन, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली पगडी आणून पाटावर ठेवली. मला वाटलं होतं काहीतरी भरजरी असेल. हाताएवढी, विटक्या रंगाची, एका बाजूने दबलेली ती वस्तू होती. भाऊजी तिच्याकडे पाहत राहिले, आणि खिशातून चिमटा बाहेर काढायचं विसरले. तेवढ्यात आतून आजीबाईंची नात शंकरपाळ्यांची बशी घेऊन आली. रेणुका तिचं नाव, पंचविशीच्या आतली, खांद्यात सरळ आणि चालण्यात चपळ. भाऊजींनी तिला लहानपणापासून पाहिलेलं. ते म्हणाले, "अगं, तू तर पोलीस ट्रेनिंगला गेली होतीस ना?"

"परत आली," ती म्हणाली आणि बशी ठेवून जायला वळली.

आजीबाईंनी आवाज खाली आणला. "तिसऱ्या महिन्यात आली. सगळं चांगलं चाललं होतं. काय झालं कोणाला कळलं नाही."

मला भाऊजींचा चेहरा दिसत होता, आणि पुढे काय होणार हे कळूनही मला काही करता आलं नाही. फुगलेल्या भिंतीमागे नेमकी ओल सापडल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा तो उजळला. ते म्हणाले, "म्हणजे थेट उतरलं की. इतक्या पिढ्यांनी." आणि मग सरळ रेणुकाकडे वळून, अगदी आनंदाने, "बाळ, सुभेदारांचं तुझ्यात आलंय. तुझे दोन केस दिलेस तर पगडीतल्या केसांशी ताडून बघता येईल."

आजीबाई पगडीवरचं फडकं उगीचच सारखं करू लागल्या. माझा नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. रेणुका भाऊजींच्या समोर येऊन खाली बसली. आवाज चढवला नाही.

"काका, मी का आली हे मला आई रोज विचारते. पप्पा विचारत नाहीत, पण बघतात. सोसायटीतल्या बायका विचारतात. मामा तर जेवताना सगळ्यांसमोर बोलले की तुमचं रक्तच माघारीचं. तेव्हापासून मी कोणाकडे जात नाही. आता खरं सांगते. मला पळायला जमत होतं, मार्क चांगले होते, कोणी त्रास दिला नाही. एक दिवस सकाळी उठली, बॅग भरली आणि आली. बस. मी जिवंत आहे, तुमच्यासमोर बसलेली आहे, केस घ्या, रक्त घ्या, काय पाहिजे ते घ्या. पण मलाच सांगता येत नाहीये, तर तुम्ही त्या पगडीतल्या केसाला काय विचारणार?"

भाऊजींना उत्तर द्यायची सवय आहे. रंगाच्या कारखान्यातल्या साहेबांपासून जोशीबुवांपर्यंत कोणाचाही मुद्दा त्यांनी कधी खाली पडू दिलेला नाही. त्या दिवशी त्यांनी फडक्याची टोकं एकेक करून पगडीवर आणली, स्वतःच्या हाताने गाठ मारली आणि पाट आजीबाईंकडे सरकवला. "राहू द्या," म्हणाले. "आत ठेवा." आणि थोड्या वेळाने रेणुकाला, "मी बोललो ते बोलायला नको होतं. मला माफ कर." तिने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला कळलं नाही. शंकरपाळे आम्ही तिघांनीही पाहुण्यांना शोभणार नाहीत इतके खाल्ले.

परतताना भाऊजी मागच्या सीटवर होते. दुर्गाडीचा पूल मागे पडला तरी त्यांनी रस्त्यावरच्या एकाही माणसाबद्दल काही मत दिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शैला, मी लग्न का केलं नाही, असं तुम्ही लोक आपसात बोलत असाल ना?"

मी म्हटलं, "बोलतो कधीकधी."

"काय ठरलं?"

"सासूबाई म्हणायच्या, बहिणींची लग्नं व्हायची होती म्हणून. हे म्हणतात, पहिल्याच भेटीत तुम्ही मुलीला काहीतरी विचारत असाल म्हणून."

ते हसले. "दोन्ही ऐकायला बरी आहेत. मला मात्र कारण माहीत नाही. एक स्थळ होतं, सगळं चांगलं होतं, मी नाही म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. आणि माझं रक्त तर अख्खंच्या अख्खं माझ्याजवळ आहे." मग खिडकीची काच खाली करून वारा घेत बसले.

व्याख्यान रद्द करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केलं नाही. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती, बरीचशी निवृत्त, आणि डीएनएचं नाव फळ्यावर असल्यामुळे काही तरुणही. ईशा आली होती. दुसऱ्या रांगेत मला आजीबाई दिसल्या, त्यांच्या शेजारी रेणुका, आणि एक जाडसर गृहस्थ, जे तिचे मामा असल्याचं भाऊजींनी मला सांगितलं. भाऊजींनी सुभेदारांची सगळी हकिकत सांगितली. पत्रिका, कारकुनाच्या वेलांट्या, माथेरानचा घोडा, काही लपवलं नाही. लोक पोट धरून हसले. डीएनएतून काय कळतं आणि काय कळत नाही, ते ईशाने सांगितलेलं त्यांनी जवळजवळ तिच्याच शब्दांत सांगितलं, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ऐकत होते काका." आणि मग भाऊजी त्या पहाटेपर्यंत आले आणि म्हणाले, "ते का फिरले, हे मला माहीत नाही." एवढं बोलून बसले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. वाचनालयाच्या कार्यवाहांचा चेहरा बदलला, कारण चहा अजून यायचा होता. तेव्हा ते मामा उठले. "सर, तुम्ही काय सांगायला लाजताय? शेवटी रक्तातच होतं असंच ना?"

भाऊजी पुन्हा उभे राहिले.

"रक्तात काय होतं, मला दिसत नाही," ते म्हणाले. "पण हे बघा. हे सुभेदार त्या सकाळच्या आधी कितीतरी वेळा लढले. नंतरही लढले, शेवटी लढतानाच गेले. रक्त तेव्हाही तेच होतं. पुढे गेले तेही त्याच रक्ताने आणि फिरले तेही त्याच रक्ताने. मग ज्या सगळ्या दिवशी ते पुढे गेले ते दिवस आपण सोडून देतो आणि ही एक सकाळ घेऊन त्यांच्या लेकीसुनांना, नातवंडांना सुनावत बसतो. हे मीसुद्धा केलं. तीस वर्षं तो माणूस मी फक्त पाठमोरा पाहिला." मग म्हणाले, "ज्यांनी विचारलं त्यांना माझी विनंती आहे, हे पुन्हा जेवताना काढू नका."

मामा बसले. वक्त्यांनी आपल्याला विचार करायला लावलं, असं म्हणून अध्यक्षांनी समारोप केला. जिन्यात मात्र एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते की उत्तर ठाऊक नव्हतं तर निमंत्रणपत्रिका कशाला वाटल्या.

खाली चहा घेताना रेणुका भाऊजींजवळ आली. ती आता वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात लागली होती. पुढची भरती निघेल तेव्हा भरेन किंवा नाही भरणार, बघू, असं तिने मला सांगितलं. भाऊजींना तिने विचारलं, "काका, ते नेमके कुठून फिरले? जागा आहे का अजून?"

"कळव्याच्या पुढे, खाडीच्या बाजूला कुठेतरी."

"तुम्ही गेलेलात?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. ते कधी गेलेच नव्हते. पत्रिकेसाठी नाशिकला, कागदासाठी पुण्याला, घोड्यासाठी माथेरानला जाऊन आलेला हा माणूस डोंबिवलीहून अर्ध्या तासावर असलेल्या त्या जागी तीस वर्षांत फिरकला नव्हता. आमच्या बाल्कनीत उभं राहिलं तर खाडीचा तो काठ समोर दिसतो.

पुढच्या रविवारी रेणुका आमच्याकडे आली आणि जेवणं झाल्यावर आम्ही गेलो. गाडी जाईल तिथपर्यंत माझ्या नवऱ्याने नेली आणि तो गाडीतच झोपला. पुढे जुन्या मिठागरांचा बांध आहे, त्यावरून चालावं लागतं. एका बाजूला तिवरांची दाट झाडी, दुसऱ्या बाजूला कोरडी पडलेली खाचरं, आणि पलीकडच्या काठावर आमच्या बाळकुमचे टॉवर एकमेकांना खेटून उभे. सुभेदारांच्या काळातल्या त्या पडलेल्या ठाण्याची एक वीटही कुठे दिसत नव्हती. भाऊजींना बांध चढताना दम लागला. रेणुकाने न बोलता हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. दर रविवारी पाहत असल्यामुळे ते म्हातारे झाले आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

थोडं पुढे एक सपाट जागा होती, तिथे ते म्हणाले, "इथून फिरले असं धरू या." आम्ही बसलो. उन्हं उतरत होती, भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून आत येत होतं, बगळे चिखलातून एकेक पाऊल उचलत मागे सरकत होते. रेणुका आपणहून बोलायला लागली. ट्रेनिंगच्या मैदानाबद्दल, तिथल्या मैत्रिणींबद्दल, निघाली त्या सकाळी सगळ्या जणी कशावरून तरी हसत होत्या त्याबद्दल. "मला त्या सगळ्या आवडायच्या," ती म्हणाली. "मी रडत वगैरे नव्हती." भाऊजी खाडीकडे पाहत ऐकत होते. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही.

मग प्रकाश कमी व्हायला लागला. रेणुकाने कपड्यांवरची माती झटकली आणि म्हणाली, "काका, चला, फिरूया मागे." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. भाऊजींनाही फुटलं. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"थांब जरा," भाऊजी म्हणाले. "आणखी थोडं बसू."

आम्ही बसून राहिलो. पाणी बांधाच्या पायाशी आलं होतं आणि पलीकडे आमच्या इमारतींमध्ये एकेक दिवा लागत होता. त्या पहाटे सुभेदारही इथेच कुठेतरी घोडा थांबवून या पाण्याकडे पाहत असतील. त्यांच्या शेजारी कोणी थांबलं होतं की नाही, ते कुठे लिहिलेलं नाही.